प्लास्टिकचं तेल आणि कचऱ्याची वीज: दोन वेगळे धंदे

‘प्लास्टिक कचऱ्यापासून ऊर्जा’ या एकाच मथळ्याखाली गुंतवणूकदारांसमोर दोन वेगळे धंदे मांडले जातात. पहिल्यात प्लास्टिक हवा लागू न देता तापवून त्याचं तेल काढतात. याला पायरोलिसिस म्हणतात. दुसऱ्यात शहराचा कचरा, त्यातल्या प्लास्टिकसकट, भट्टीत जाळतात आणि त्या उष्णतेवर वाफ करून वीज बनवतात. कायद्यानेही दोघांना एका रकान्यात बसवलं आहे. उत्पादकांवर जबाबदारी टाकणाऱ्या २०२२ च्या ईपीआर नियमांनुसार, ज्या प्लास्टिकपासून पुन्हा प्लास्टिक करता येत नाही ते तेल, वीज, सिमेंटची भट्टी किंवा रस्ते यांपैकी कुठेतरी पाठवायचं असतं. ताळेबंद मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. माझ्या मते त्याचं मूळ एका प्रश्नात आहे: कच्चा माल दारात येतो तेव्हा तुम्हाला पैसे मिळतात, की मोजावे लागतात?

आधी विजेचं बघू, कारण तिथे हिशोब उघड आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मोशीतल्या कचरा डेपोवर असा प्रकल्प उभा आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे ३०० कोटी रुपये, क्षमता १४ मेगावॉट आणि वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याचं नियोजन. १४ मेगावॉटचा प्लांट चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला ३,३६,००० युनिट वीज होते. रोजचा कचरा साधारण ६८५ टन. म्हणजे टनामागे ४९० युनिट. युनिटला समजा ५ रुपये मिळाले, तर एका टनाचे सुमारे २,४५० रुपये आणि वर्षाचे ६१ कोटी. तेही प्लांट एक दिवसही बंद न पडता, आणि त्याला स्वतःला लागणारी वीज वजा न करता. त्यातून पगार, देखभाल, धूर साफ करणारी यंत्रणा, राखेची विल्हेवाट आणि कर्जाचं व्याज भागवायचं.

या उत्पन्नात कुणी रातोरात श्रीमंत होत नाही. पण इथे कचरा महापालिका आणून देते. अनेक करारांत तो घेतल्याबद्दल टनामागे टिपिंग फीही मिळते, आणि वीज कोण घेणार, किती वर्षं घेणार हे आधीच ठरलेलं असतं. वीजदराला धोरणाचाही टेकू आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये कचऱ्यापासून केलेल्या इंधनावरच्या, म्हणजे आरडीएफच्या विजेला युनिटमागे ७.९० रुपये दर ठरवला. २०१६ च्या सुधारित वीजदर धोरणाने वितरण कंपन्यांना अशी सगळी वीज घेणं बंधनकारक केलं. सौरऊर्जा युनिटला ३ रुपयांच्याही खाली मिळत असताना ही वीज निव्वळ स्वस्ताईवर टिकणार नाही. कचरा नाहीसा करण्याची किंमत तिच्या दरात मिसळलेली आहे. म्हणून इथे पैसा घालणं म्हणजे टोलरस्त्यात पैसा घालण्यासारखं आहे. परतावा मर्यादित, मुदत लांब, आणि सगळी भिस्त करार लिहिणाऱ्याच्या आर्थिक ताकदीवर.

फसण्याची जागा इथेही आहे, आणि ती जुनी आहे. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञानावर रोज ३०० टन कचरा जाळणारा प्लांट उभारला गेला. तो काही आठवड्यांतच बंद पडला. आपला कचरा ओला असतो. त्यात भाजीची देठं, उरलेलं अन्न, माती आणि बांधकामाचा राडारोडा असतो. त्याची बरीचशी उष्णता स्वतःतलं पाणी उडवण्यातच खर्ची पडते. ज्या कचऱ्याचं उष्णतामूल्य, म्हणजे जाळल्यावर मिळणारी उष्णता, किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त आहे तो डेपोत गाडू नये, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. पण घरोघरी ओला-सुका वेगळा झाला नसेल तर हा आकडा गाठतानाच दमछाक होते. शहरात वर्गीकरण किती होतं, हा इथे गुंतवणुकीचाच प्रश्न आहे.

आता तेल. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांनी दोन दशकांपूर्वी प्लास्टिकपासून इंधन करून दाखवलं. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन्सने जेजुरीत प्रकल्प चालवला. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ मध्ये गेल या सरकारी वायू कंपनीच्या साहाय्याने एक प्लांट सुरू झाला. रोज १ टन प्लास्टिकपासून ८०० लिटर डिझेल, ही त्याची जाहीर केलेली क्षमता.

सादरीकरणात हाच आकडा येतो. ८०० लिटर, समजा लिटरला ४५ रुपये, म्हणजे टनाला ३६,००० रुपये! विजेच्या २,४५० पुढे हा आकडा पाहिला की कुणालाही भुरळ पडेल. पण या दोन टनांत एकच माल नाही. मोशीचा टन म्हणजे गाडीतून येतो तसा शहराचा कचरा. डेहराडूनचा टन म्हणजे निवडलेलं, कोरडं, स्वच्छ प्लास्टिक, मुख्यतः पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन. शुद्ध पॉलिथीनचं उष्णतामूल्य किलोला १०,००० किलोकॅलरीच्या वर असतं, जवळपास डिझेलइतकंच. असा माल मिळाला तर तेल निघणारच. तो रोज, वर्षभर, परवडेल त्या भावात मिळेल का, इथे धंदा अडतो.

वर्गीकरणाच्या टेबलापाशी उभं राहून पाहिलं की हे नीट कळतं. पाण्याची एक रिकामी बाटली घ्या. बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची, झाकण पॉलिथीनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, आणि तिच्यावर ताणून बसवलेलं वेष्टन कधीकधी पीव्हीसीचं. झाकणाचं तेल चांगलं निघतं. पेटमधून तेल फारसं निघत नाही, उलट घट्ट होणारी आम्लं तयार होऊन नळ्या तुंबतात. पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. तो रिअॅक्टरचं, म्हणजे प्लास्टिक तापवण्याच्या भांड्याचं, पोलाद खातो, आणि क्लोरीन तेलात उतरलं तर तेलाचा भाव पडतो. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकला अॅल्युमिनियमचा थर असतो, शाम्पूच्या पुडीत निरनिराळ्या प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. शिवाय बॅचवर, म्हणजे एकेक घाणा घालून, चालणाऱ्या प्लांटमध्ये आतल्या भिंतींवर काजळीचा थर बसतो. तो खरवडायला प्लांट थंड करावा लागतो, आणि तेवढा वेळ उत्पन्न शून्य. ‘वर्षाला ३३० दिवस’ असं लिहिलेला अंदाजपत्रकाचा तक्ता समोर आला तर पहिला प्रश्न याच खरवडण्याचा विचारावा.

चांगल्या मालाला गिऱ्हाईकही दुसरं आहे. स्वच्छ दुधाच्या पिशव्या आणि कडक प्लास्टिक कचरावेचक, भंगारवाले आणि प्लास्टिक वितळवून त्याचा पुन्हा दाणा करणारे कारखाने यांच्या साखळीत आधीच विकलं जातं. पायरोलिसिसवाल्याला ते हवं तर दाणेवाल्यापेक्षा जास्त भाव द्यावा लागेल. नाहीतर उरलेल्या पाकिटांवर आणि मळक्या पिशव्यांवर भागवायचं आणि ८०० लिटर विसरायचं.

निघालेलं तेल शुद्ध केल्याशिवाय पंपावर विकण्याजोगं डिझेल नसतं. गाड्यांच्या इंधनाला लागू असलेल्या बीएस-६ नियमांत गंधक दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. शुद्धीकरण न झालेलं तेल बॉयलर आणि औद्योगिक भट्ट्यांना फर्नेस ऑइलला पर्याय म्हणून जातं, आणि त्याचा भाव कच्च्या तेलामागे फरफटत जातो. २०१४ च्या मध्याला पिंपाला ११० डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली गेलं होतं. वीज प्रकल्पाला या घसरणीची झळ लागत नाही. तेल प्रकल्प तिच्यात बुडू शकतो.

अमेरिकेत हे घडताना दिसलं आहे. इंडियानातल्या अॅशली इथला ब्राइटमार्कचा प्लांट वर्षाला १ लाख टनांसाठी आखलेला होता, त्यासाठी १८.५ कोटी डॉलरचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, विकले गेले. तो त्या क्षमतेच्या जवळपासही पोचला नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. नायगारा फॉल्सच्या जेबीआय कंपनीने ‘प्लास्टिक-टू-ऑइल’च्या नावावर छोट्या गुंतवणूकदारांना खेचलं. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी शेअर बाजार नियामकाने तिच्यावर खटला भरला. आरोप तंत्रज्ञानाबद्दल नव्हताच. जाहिरातींच्या जागेसाठीची क्रेडिट्स, म्हणजे तशी जागा घेण्याचे हक्क, ताळेबंदात फुगवून दाखवून त्यावर भांडवल उभारलं, असा तो होता. नव्या तंत्राची झळाळी असली की लोक ताळेबंद वाचत नाहीत, हे मला यातलं सगळ्यात काळजीचं वाटतं.

तरी तेलाच्या बाजूला एक वाट आहे जी विजेकडे नाही. हे तेल जाळण्याऐवजी पेट्रोकेमिकल कारखान्यात घालून त्यातून पुन्हा प्लास्टिक करता येतं. रिलायन्सने जामनगरला पायरोलिसिस तेलापासून प्रमाणित पॉलिमर, म्हणजे नवं प्लास्टिक, केल्याचं २०२४ च्या सुरुवातीला जाहीर केलं. अशा गिऱ्हाइकाला क्लोरीन आणि इतर अशुद्धींबाबत काटेकोर तेल लागतं, पण असं गिऱ्हाईक फर्नेस ऑइलपेक्षा जास्त भाव देऊ शकतं. हा धंदा कधी चालणार असेल तर याच वाटेने चालेल, असं मला वाटतं. जाळण्याला कार्बनचं ओझंही आहे. १ किलो पॉलिथीन जळलं की ३ किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो.

दोन्ही धंद्यांचे प्रवर्तक एक गोष्ट सहसा बोलत नाहीत: एका शहरात ते एकमेकांच्या तोंडचा घास काढतात. ओल्या कचऱ्याच्या भट्टीला लागणारी उष्णता मोठ्या प्रमाणात प्लास्टिकच देतं. ते वेचून तेलाकडे नेलं की भट्टीचं उष्णतामूल्य घसरतं. भट्टीच्या करारात महापालिकेने ठरावीक उष्णतामूल्याचा कचरा देण्याची हमी दिली असेल तर तेलवाल्याला माल मिळणं कठीण. म्हणून तेलाच्या प्रकल्पात पैसे घालणाऱ्याने त्या शहराचा वीज प्रकल्पाशी झालेला करार मागवून वाचावा. विजेत घालणाऱ्याने भंगाराच्या साखळीत सध्या किती प्लास्टिक जातं ते डेपोवर जाऊन पाहावं. अशा प्रकल्पांतल्या काही कंपन्या बाजारात नोंदणीकृत आहेत. मोशीशी जोडलेली अँटनी वेस्ट त्यांपैकीच. त्यांच्या वार्षिक अहवालात टिपिंग फी, वीजविक्री आणि महापालिकांकडून येणं असलेली थकबाकी यांचे आकडे शोधावेत. तेलाच्या खासगी प्रकल्पात असा अहवाल हाती नसतो. तिथे निदान सलग सहा महिन्यांची तेलविक्रीची बिलं आणि माल खरेदीच्या पावत्या एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय चेक लिहू नये.