‘ज्योतिष’ नेमकं कुणाचं? पुण्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

फलज्योतिषावर वाद पेटला की पुण्यात 2008 साली झालेल्या चाचणीचा दाखला हमखास दिला जातो. मुलाची नुसती पत्रिका पाहून त्याची बुद्धी ज्योतिषांना ओळखता येते का, हे तिथे तपासलं होतं. एक बाजू म्हणते, तिथेच निकाल लागला. दुसरी म्हणते, ती चाचणी रचलीच चुकीची होती. दोन्ही बाजू बहुधा अर्धीच गोष्ट सांगतात. ही चाचणी का घ्यावी लागली हे कळायला सात वर्षं मागे जावं लागतं, आणि एका शब्दासाठी त्याहूनही बरंच मागे.

शब्द ‘ज्योतिष’. जुन्या परंपरेत त्याचे तीन स्कंध मानले जात : सिद्धांत म्हणजे ग्रहगणित, संहिता म्हणजे पाऊसपाणी, शकुन वगैरे, आणि होरा म्हणजे माणसाची पत्रिका. बोलीभाषेत आज यातला फक्त तिसरा उरला आहे. भारतीय ज्योतिःशास्त्राचा जो मोठा मराठी इतिहास पुण्यात शिकवणाऱ्या एका अध्यापकाने लिहून 1896 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वेदकाळापासूनची कालगणना, सिद्धांतग्रंथ आणि ग्रहगणित यांनीच पानं व्यापली आहेत. जातकाचा, म्हणजे पत्रिकेचा भाग त्या मानाने लहान. त्या काळी हे शीर्षक कुणाला खटकायचं कारण नव्हतं. पुढे 1944 मध्ये शहरातल्या हौशी आकाशनिरीक्षकांनी संस्था काढली, तेव्हा त्यांनीही नावात ‘ज्योतिर्विद्या’ हाच शब्द घेतला. नावावरून कुणी तिथे पत्रिका घेऊन गेलाच, तर त्याच्या हाती दुर्बीण पडेल!

दुर्बिणींचा पुण्यातला इतिहास लांब आहे; इथे तो दोनच ओळींत. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या तेव्हाच्या सायन्स कॉलेजात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून 1888 मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिथली 20 इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला तिथल्या प्राध्यापकांनी जेऊरला तळ ठोकला होता. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली, साहित्य कोडईकनालला गेलं.

पंचांगाचा वाद मात्र घरोघरी पोहोचला. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची, रेवतीच्या ताऱ्यापासून की चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून, यावर पंडितांमध्ये तट पडले. टिळक पंचांग रेवतीकडे आणि बाकीची बहुतेक चित्रेकडे. फरक सुमारे 4 अंशांचा. सूर्याला तेवढं अंतर चालायला साधारण चार दिवस लागतात, म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्या घरात मकर संक्रांत 14 ऐवजी 10 जानेवारीच्या सुमारास येते आणि कधीकधी अधिक महिनाही वेगळा पडतो. केंद्र सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्ष घेतला आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिळगूळ मात्र काही घरांत दहा तारखेलाच वाटला जातो. वादाच्या दृष्टीने यातला मुद्दा एवढाच की एकाच बाळाचा एखादा ग्रह एका पंचांगात एका राशीत आणि दुसऱ्यात पुढच्या राशीत असू शकतो. फलज्योतिषाच्या टीकाकारांनी या चार अंशांचा पुरेसा वापर कधी केला नाही, असं मला वाटतं.

आता 2001. त्या वर्षी विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे विभाग उघडायची योजना आणली. तिची दोन नावं होती. इंग्रजीत ‘वैदिक अ‍ॅस्ट्रॉलॉजी’, संस्कृतात ‘ज्योतिर्विज्ञान’. एक नाव फलज्योतिष सांगतं, दुसरं तारकांचं विज्ञान. इतका सोयीचा घोळ शोधून सापडायचा नाही. शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. पुण्यातले एक नामवंत खगोलशास्त्रज्ञ त्यांत आघाडीवर होते. ‘विज्ञान’ या शब्दावरचा आक्षेप सगळ्यांच्या लक्षात राहिला. ‘वैदिक’वरचा तितकाच घट्ट आक्षेप मागे पडला. वेदांग ज्योतिषात बारा राशी नाहीत, नक्षत्रं आहेत. तो ग्रंथ यज्ञाची वेळ ठरवायला आहे, कुणाचं लग्न कधी जमेल हे सांगायला नाही. राशी आणि जन्मपत्रिका ग्रीकांशी संबंध आल्यानंतर इथे रुजल्या. पुरावा शब्दांतच आहे. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम, जामित्र हे सगळे ग्रीक शब्दांचे संस्कृत अवतार. पत्रिकेतली पहिली, चौथी, सातवी, दहावी स्थानं ‘केंद्रं’ का, हे ज्योतिषाला विचारून पाहावं. भूमितीतलं केंद्रही त्याच ग्रीक शब्दाचं लेकरू आहे.

प्रकरण न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये याचिका फेटाळली. अभ्यासक्रमात काय असावं हे ठरवणं तज्ज्ञ मंडळाचं काम, त्यात आम्ही पडणार नाही, असा सूर होता. फलज्योतिष खरं की खोटं, हा प्रश्न तिथे सुटला नाही. तो सुटावा अशी अपेक्षाही चुकीचीच होती. कोर्टाने नाही, तर मग आकडेवारीने सांगावं, हा विचार पुण्यात इथून बळावला.

चाचणी अशी : दोनशे मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. शंभर मुलं शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी, शंभर बौद्धिकदृष्ट्या अपंग. पत्रिका एकमेकींत मिसळल्या, संकेतांक दिले आणि कुठली कुणाची हे चाचणी घेणाऱ्यांनाही कळणार नाही अशी व्यवस्था केली. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका मिळणार. त्याने फक्त हुशार की अपंग एवढंच सांगायचं. आयोजकांत एक जण स्वतः आधी ज्योतिषी होता. ज्योतिषांच्या एका संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी बहिष्काराचं आवाहन केलं, तरी 51 जणांनी पत्रिका घेतल्या. उत्तरं परत आली ती 27 जणांची. सर्वांत चांगला निकाल 40 पैकी 24. सगळ्यांची सरासरी निम्म्याहूनही कमी. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका घेतल्या आणि 102 बरोबर सांगितल्या. 2009 मध्ये निष्कर्ष एका भारतीय विज्ञान नियतकालिकात छापून आले.

24 या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण चर्चांमध्ये तो अजून ‘साठ टक्के’ म्हणून मिरवतो. 27 माणसांना प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवायला सांगा. त्यांतल्या तीन-चार जणांना 24 किंवा जास्त छापे सहज मिळतील. इथे तेवढे एकालाच मिळाले. म्हणजे हे यश नाण्याच्याही जरा मागेच पडलं. याच हिशेबाने आयोजकांनी यशाची रेघ 28 वर ओढली होती; निव्वळ नशिबाने तिथे पोहोचायची शक्यता एका माणसामागे शंभरात एकाहून कमी.

हरकती काय होत्या? बुद्धी एकट्या पत्रिकेवरून ठरत नाही, आईवडिलांच्याही पत्रिका लागतात. सत्तावीस ही संख्या कमी. जाणते ज्योतिषी आलेच नाहीत. शेवटच्या हरकतीत तथ्य आहे, पण ते न येणं हाही निर्णयच होता. पहिलीबद्दल आयोजकांचं उत्तर साधं होतं : मुलाची बुद्धी पत्रिकेवरून सांगतो हा दावा ज्योतिषीच करतात. मला स्वतःला चाचणीची एक बाजू अडचणीची वाटते. हुशारी आणि अपंगत्व अशी दोन टोकं निवडल्याने गणित सोपं झालं, पण पत्रिका पाहायला येणारा माणूस असा प्रश्न घेऊन येत नाही. त्याला मुलीचं लग्न कधी, बदली कधी, हे हवं असतं. आकाशाबद्दलचं कुतूहल आणि स्वतःबद्दलची काळजी एकाच शब्दाखाली नांदत आली ती यामुळेच.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. चाचणी घेणाऱ्या चमूतल्या एका कार्यकर्त्याची 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्याचा जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पत्रिका पाहणं नाही, हे दोन्ही बाजूंच्या अनेकांना अजून माहीत नसतं. राज्यघटनेतलं मूलभूत कर्तव्याचं कलम, 1976 च्या दुरुस्तीने आलेलं, ‘शोधकबुद्धी’ म्हणतं. तो शब्द भाषणांत ऐकू येतो, वादात फारसा नाही.

2021 मध्ये एका केंद्रीय मुक्त विद्यापीठाने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. विज्ञान संघटनांनी पुन्हा पत्रकं काढली, मुद्दे जवळपास वीस वर्षांपूर्वीचेच. फरक नावात होता. या वेळी ‘विज्ञान’ हा शब्द गळला होता, पदवी एम. ए., विषय ज्योतिष.