स्कॅनच्या फाईलमध्ये वजन कशासाठी लिहितात?

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या पेट-सीटी स्कॅनची सीडी घेऊन आम्ही दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. सीडी लागली, चित्रं उघडली, गाठही स्पष्ट दिसली. डॉक्टरांनी माउसने गाठीभोवती गोल काढला. तिथे आकडा यायला हवा होता. आल्या नुसत्या दोन आडव्या रेघा. "फाईलमध्ये वजनच नाही," ते म्हणाले आणि मावशीकडे वळले, "तेव्हा किती होतं हो तुमचं वजन?" मावशीला आठवेना. केमो सुरू झाल्यापासून ती पार उतरली होती.

चित्र समोर होतं, तरी निम्मंच वाचता येत होतं. तेव्हापासून मी या फाईलींच्या मागे लागलो.

स्कॅनला आपण 'फोटो' म्हणतो, पण ती खरं तर मोजमापांची भलीमोठी वही असते. सीटीचंच घ्या. प्रत्येक ठिपक्यामागे एक संख्या असते: पाण्याला ०, हवेला उणे १०००, आणि हाडाला शेकड्यांत. सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावानेच हे एकक ओळखलं जातं. पण उणे संख्या साठवायला नकोत म्हणून बरीच यंत्रं प्रत्येक आकड्यात १०२४ मिळवून ठेवतात. वाचताना तेवढे वजा करायचे, ही सूचना त्याच फाईलमध्ये वेगळी लिहिलेली असते. ती सूचना हरवली तर चित्र तसंच दिसेल, पण त्यातलं पाणी पाणी राहणार नाही.

अशा सूचना कुठे आणि कशा लिहायच्या हे ठरवणारं मानक म्हणजे डायकॉम. सीटी १९७१मध्ये आलं, आणि पुढची दहा-बारा वर्षं प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापल्या भाषेत फाईल लिहीत होतं. एकाचं दुसऱ्याला वाचता येत नसे. अखेर १९८३ साली अमेरिकेतली रेडिओलॉजिस्टांची संस्था आणि विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना एकत्र बसली. १९८५मध्ये पहिलं मानक आलं. त्यात पन्नास पिनांचा प्लगसुद्धा ठरवून दिला होता, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याला थेट वायरने जोडायचं. नेटवर्कवरून चालणारं, 'डायकॉम' नावाचं मानक १९९३चं. आज गल्लीतल्या सोनोग्राफी सेंटरपासून मोठ्या इस्पितळापर्यंत त्याच मानकावर कारभार चालतो.

डायकॉम फाईल आतून अगदी शिस्तीची असते. सुरुवातीला १२८ बाइट मोकळे सोडलेले, मग 'डी, आय, सी, एम' ही चार अक्षरं, आणि पुढे एकामागून एक नोंदी. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो, त्याला टॅग म्हणतात. (००१०,००१०) म्हणजे रुग्णाचं नाव. (००१०,१०३०) म्हणजे रुग्णाचं वजन. यंत्र जर्मनीत बनलेलं असो की जपानमध्ये, वजन याच घरात राहणार. नावाचे भाग पाडण्याचा क्रम तर आपल्या शाळेच्या दाखल्यासारखाच आहे: आधी आडनाव, मग नाव, मग मधलं नाव. तरीही नोंदणीच्या खिडकीवर सगळं एकाच रकान्यात कोंबलं जातं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे होतं, आणि एकाच बाईचे दोन स्कॅन संगणकाला दोन वेगळ्या बायकांचे वाटतात. युटीएफ-८ ही जगभरच्या लिप्या साठवायची पद्धत वापरून डायकॉममध्ये देवनागरीत नाव लिहिता येतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आता वजनाकडे येऊ. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. कर्करोगाच्या पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात. गाठीने किती साखर घेतली हे सांगायला 'एसयूव्ही' नावाचा आकडा आहे. टोचलेलं औषध सबंध शरीरात सारखं पसरलं असतं, तर जेवढं वाट्याला आलं असतं, त्याच्या किती पट गाठीत आहे? हा प्रश्न सोडवायचा तर तीन गोष्टी लागतात: गाठीतली किरणोत्सारिता, टोचलेली मात्रा आणि शरीराचं वजन. तिसरी नसली की दोन आडव्या रेघा.

याहून घातक चूक मात्र अशी रेघा दाखवून सावध करत नाही. या फ्लोरिनचं अर्धआयुष्य, म्हणजे त्याची किरणोत्सारिता निम्मी व्हायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटं, आणि स्कॅन टोचल्यानंतर साधारण तासाभराने होतो. ६२ किलोच्या माणसाला २५० मेगाबेकरेल (बेकरेल हे किरणोत्सारितेचं एकक, मेगा म्हणजे दहा लाख) मात्रा टोचली, तर तासाने उरते सुमारे १७१. गाठीत दर मिलिलिटरला २२,००० बेकरेल मोजले गेले, तर एसयूव्ही येतो जवळजवळ ८. पण पाहणाऱ्या सॉफ्टवेअरने मधला तास धरलाच नाही आणि २५०नेच भागाकार केला, तर तीच गाठ, तोच माणूस, आणि उत्तर साडेपाच.

ही घट ३१ टक्क्यांची. उपचार लागू पडले की नाही हे पेटवरून ठरवायचा 'पर्सिस्ट' नावाचा निकष २००९ साली मांडला गेला. त्यात एसयूव्ही वजनाऐवजी चरबी वगळून उरलेल्या वस्तुमानावर काढतात, आणि सुधारणा मानायची तर तो निदान ३० टक्क्यांनी उतरावा लागतो. म्हणजे पहिला स्कॅन एका सॉफ्टवेअरने नीट वाचला आणि दुसरा दुसऱ्याने मधला तास विसरून, तर न हललेली गाठ कागदावर 'सुधारली' असं दिसू शकतं. हे गणित मी स्वतः मांडलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

म्हणून डायकॉम नुसतं 'मात्रा लिहा' म्हणून थांबत नाही. मात्रा किती, कधी टोचली, अर्धआयुष्य किती, ऱ्हासाची दुरुस्ती (म्हणजे वेळेबरोबर घटलेल्या किरणोत्सारितेचा हिशेब) टोचल्याच्या क्षणापर्यंत केली आहे की स्कॅन सुरू झाल्याच्या, की केलीच नाही, या प्रत्येकाला स्वतंत्र टॅग आहे. पण टॅग असणं आणि समोरच्याने तो तसाच वाचणं यात अंतर राहतं. उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संस्थेने २००७ साली इमेजिंगमधल्या मोजमापांसाठी एक गट उभा केला. त्या कामातून एक सुरेख कल्पना आली: मुद्दाम तयार केलेली नकली पेट फाईल, जिच्यात कुठे किती एसयूव्ही यायला हवा हे आधीच पक्कं ठाऊक आहे. ती आपल्या संगणकावर उघडायची आणि उत्तरं जुळतात का पाहायची. वाण्याच्या दुकानातला काटा प्रमाणित वजनांनी तपासतात ना, तसंच.

एमआरआयची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. डायकॉममध्ये ज्यांच्या क्रमांकाचा स्वल्पविरामाआधीचा भाग विषम आहे, असे टॅग कंपन्यांना स्वतःसाठी मोकळे ठेवले आहेत, ते 'प्रायव्हेट'. तंत्र नवं असताना त्याची गरज असतेच, मानकाची वाट कोण पाहणार? डिफ्यूजन एमआरआयमध्ये 'बी-व्हॅल्यू' हा कळीचा आकडा, पाण्याच्या हालचालीला स्कॅन किती संवेदनशील ठेवला होता हे सांगणारा. पेशींच्या गर्दीत पाणी किती मोकळं हलतं हे त्याच्याशिवाय काढताच येत नाही. तो वर्षानुवर्षं प्रत्येक कंपनीने आपापल्या खासगी कप्प्यात ठेवला. एमआरआयच्या फाईलचा सुधारित प्रकार डायकॉममध्ये आणून त्याला (००१८,९०८७) हे सर्वांचं घर दिलं गेलं, आणि शेकडो सुट्या चित्रांऐवजी सगळी मालिका एका फाईलमध्ये बांधायची सोयही झाली. ती सगळीकडे पोचायला फार वर्षं लागली, कारण जुन्या संगणकांना ती फाईल उघडता येईना. मला विचाराल तर यात दोष तंत्राचा नाही. यंत्र विकत घेताना 'फाईल बाहेर कशी पडेल' हे विचारलं जात नाही. प्रत्येक यंत्रासोबत कंपनीचं 'कन्फॉर्मन्स स्टेटमेंट' मिळतं, त्यात हे सगळं लिहिलेलं असतं.

भारतात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१३मध्ये आणि सुधारून २०१६मध्ये जी आरोग्य-नोंदींची मानकं काढली, त्यांत चित्रांसाठी डायकॉमच आहे. मावशीच्या फाईलमध्येही कप्पा होता, फक्त रिकामा होता. नाव झाकून फाईल पाठवायच्या मानक पद्धतीत वजनही पुसलं जातं, राखायचं असेल तर तसा पर्याय निवडावा लागतो. तिच्या बाबतीत ते भरलंच नव्हतं की नंतर पुसलं गेलं, ते शेवटपर्यंत समजलं नाही.

पुढच्या स्कॅनला मी सोबत होतो. टेक्निशियन मुलीने वजन विचारलं. मावशी म्हणाली, "लिही साठ."

"नाही हो मावशी, चपला काढा आणि काट्यावर उभ्या राहा."

साडेचौपन्न भरलं. साठ लिहिलं असतं तर एसयूव्ही दहा टक्क्यांनी फुगला असता. मुलीने आकडा टाइप केला, पुन्हा एकदा काट्याकडे पाहून ताडला, आणि मगच मावशीला आत नेलं.