स्वीडनचे ‘सोळावे’ कार्ल खरोखर कितवे?

स्वीडनचे विद्यमान राजे कार्ल सोळावे गुस्ताफ १९७३ साली गादीवर आले. क्रमांकावरून त्यांच्याआधी कार्ल नावाचे पंधरा राजे होऊन गेले, असे सहज मानले जाते. ही समजूत चुकीची आहे.

इतिहासात ज्याचा भक्कम पुरावा मिळतो, असा या नावाचा पहिला स्वीडिश राजा म्हणजे बाराव्या शतकातील कार्ल स्वेर्केरसन. परंपरेने मात्र त्याला ‘सातवा’ म्हटले जाते. आधीचे सहा कार्ल योहानेस माग्नुस यांच्या इतिहासग्रंथातून आले. उप्सालाचे हे अखेरचे कॅथलिक आर्चबिशप प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मायदेशाला मुकले आणि १५४४ साली रोममध्ये वारले. पुढे १५५४ साली त्यांचे बंधू ओलाउस यांनी प्रसिद्ध केलेल्या या लॅटिन ग्रंथात स्वीडनची राजपरंपरा थेट बायबलमधील नोहाचा नातू मागोग याच्यापर्यंत नेलेली आहे, आणि मधली शतके भरून काढण्यासाठी कल्पित राजांची रांगच उभी केलेली आहे. परागंदा झालेल्या माणसाची मायभूमीविषयीची ओढ त्यात जाणवते, पण ओढ हा पुरावा नव्हे.

एरिक चौदावा (१५६०–१५६८) आणि त्याचा सावत्र भाऊ कार्ल नववा यांनी या ग्रंथातील यादीचेच क्रमांक आपापल्या राजनामात स्वीकारले, आणि कल्पनेला राजमान्यता मिळाली. पंधराव्या शतकातील कार्ल क्नुत्सन स्वतःला ‘दुसरा’ म्हणवीत असे. त्याला आज ‘आठवा’ म्हणतात. त्या हिशेबाने कार्ल नववा प्रत्यक्षात तिसरा, तर आजचे राजे दहावे ठरतात.