आठ मुलांची सरासरी

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा बऱ्याचदा द्विशिक्षकी असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (२००९) ६० पर्यंत पटाला शिक्षक दोन, वर्ग मात्र चार-पाच. अशा शाळेचा निकाल टक्क्यांत मांडला की घोटाळा होतो. चौथीत ८ मुलं, त्यांतली ४ गोष्ट वाचतात: निकाल ५० टक्के. दिवाळीनंतर वाचणारी दोघं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. उरली ६, वाचणारी २. निकाल ३३ टक्के. शिकवण्यात काडीचाही फरक नाही! शाळांच्या निकालाच्या यादीत अगदी वर आणि अगदी तळाला बहुधा कमी पटाच्याच शाळा दिसतात, त्या यामुळेच.

त्यापेक्षा एकेक मूल तपासावं. मुलांचं वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या, २००५पासून चालणाऱ्या ‘असर’ पाहणीची रीत सोपी आहे. आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद. तीनपर्यंत चुका चालतील, पण वाचन सलग हवं. जमलं तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही तर पाच शब्द, त्यांतले चार बरोबर. तेही नाही तर अक्षरं. उतारा पाठ्यपुस्तकातला नको. पाठ झालेला धडा मूल घडाघडा म्हणतं आणि बोट भलत्याच ओळीवर फिरत असतं. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला अर्थही विचारावा, आणि उत्तर त्याच्या भाषेत आलं तरी धरावं.

गणितात ४१ वजा १३ द्या. उत्तर ३२ आलं, तर तो निष्काळजीपणा नव्हे. एकातून तीन जात नाहीत, म्हणून मुलानं तीनातून एक काढला. त्याच्या लेखी ही दोन सुटी गणितं आहेत. इथं ‘हातचा घे’ असं दहादा सांगून उपयोग नाही. दहा-दहा काड्यांचे ४ गठ्ठे आणि १ सुटी काडी द्या. एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या: सुट्या ११. त्यांतल्या ३ काढल्या, ८ राहिल्या. उरलेल्या ३ गठ्ठ्यांतला एक काढला. २८.

मग रोज एक तास तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवायची: अक्षर-शब्दवाली एका शिक्षकाकडे, परिच्छेद-गोष्टवाली दुसऱ्याकडे. हा तास वेळापत्रकात राखीवच हवा. बिहार, उत्तराखंडच्या शाळांत शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन फारसा फरक पडला नाही, कारण तास अभ्यासक्रम उरकण्यातच गेले. हरियाणात वेगळा तास राखला तेव्हा हिंदी वाचन सुधारलं. दुसरी चूक म्हणजे गट गोठवणं. महिन्याभरानं पुन्हा तपासा, पुढे गेलेलं मूल लगेच हलवा. ऊसतोडीहून परतलेल्याला मात्र जुन्या गटात बसवण्याआधी परिच्छेद पुन्हा वाचायला द्या.