पॅप स्मिअर मागे का पडली: उस्मानाबाद, मुंबई आणि तपासणी न झालेला गट

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पॅप स्मिअरऐवजी (म्हणजे तिथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याऐवजी) व्हिनेगरने, म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून, करायची असे ठरले आहे. या निर्णयाची मुळे बरीचशी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आहेत.

पॅप स्मिअर १९४० च्या दशकात रुजली आणि पुढे श्रीमंत देशांत तिने मृत्यू झपाट्याने कमी केले. आपल्याकडे ती शहरी दवाखान्यांपुरती राहिली. चाचणी स्वस्तच, पण तिच्यामागचा सगळा खटाटोप महाग. नमुना काचपट्टीवर पसरून लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायचा, कारण तो वाळला की पेशी नीट दिसत नाहीत. मग पट्टी रंगवायची, प्रशिक्षित माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, शंका आली तर पॅथॉलॉजिस्टकडे द्यायची. रिपोर्ट आल्यावर त्या बाईला पुन्हा गाठायचे, आणि तोवर ती ऊसतोडीला गेलेली. शिवाय एकदा करून भागत नाही, दर काही वर्षांनी हे सगळे पुन्हा करावे लागते.

१९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉक्टर नसलेले कार्यकर्ते गावोगाव फिरून लक्षणे समजावून सांगू लागले, तेवढ्यानेही लवकरच्या टप्प्यात येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. त्याच परिसरात १९९९ मध्ये मोठा अभ्यास उभा राहिला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट: एकाला एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याचा शोध), एकाला पॅप, एकाला व्हिनेगर, आणि चौथ्याला तपासणीच नाही. निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. पॅप गटात ५४, व्हिनेगर गटात ५६. या दोन गटांचा तपासणी न झालेल्या गटाशी असलेला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

यावरून ‘पॅप हरली’ असे सर्रास लिहिले गेले. पण तपासणीची फेरी एकच होती, आणि पॅपची ताकद पुन्हापुन्हा करण्यात आहे. त्या फेरीत गंभीर पूर्वविकृती (कर्करोगाआधीचे पेशींतले बदल) पॅपला १ टक्का बायकांत सापडल्या, व्हिनेगरला ०.७ टक्के. उलट व्हिनेगरने १४ टक्के बायकांना संशयित ठरवले, पॅपने ७ टक्के. म्हणजे उस्मानाबादेत व्हिनेगर काही जिंकले नव्हते. त्याच्या बाजूने कौल दिला तो तामिळनाडूतल्या दिंडिगलच्या (मृत्यू ३५ टक्के कमी) आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या (चार फेऱ्या, ३१ टक्के कमी) अभ्यासांनी. खरा फायदा वेळेचा होता. ॲसिटिक ॲसिड लावले, मिनिटभर थांबले, पांढरा चट्टा उमटला की नाही ते बाई टेबलावरून उठायच्या आत कळते.

वाद पेटला तो तपासणी न झालेल्या गटावरून; असा गट दिंडिगल आणि मुंबईतही होता. तिन्ही अभ्यासांत मिळून सुमारे १ लाख ३८ हजार बायकांची तपासणी झाली नाही आणि त्यांच्यापैकी २५४ जणी याच कर्करोगाने गेल्या, असा हिशेब टीकाकारांनी २०१४ च्या सुमारास मांडला. पॅप उपयोगी आहे हे जगाला आधीच ठाऊक असताना ती या बायकांना का दिली नाही? समर्थकांचे म्हणणे असे की भारतात तपासणी नसणे हीच तेव्हाची रूढ सेवा होती. अभ्यास झाला नसता तरी त्यांना काही मिळाले नसते. हे खरेच आहे. पण पॅप खेड्यात चालवता येत नाही हे सांगत एका गटाला मोकळे ठेवायचे आणि त्याच जिल्ह्यात दुसऱ्या गटातल्या ३२ हजार बायकांसाठी पॅपची व्यवस्था उभी करायची, हे जुळत नाही. बाहेरच्या पैशावर चार वर्षे चालवणे आणि सरकारी यंत्रणेत कायम चालवणे यात फरक आहे, एवढा बचाव मात्र मान्य करायला हवा. संमतीचा मुद्दा त्याहून अवघड. पॅप नावाची चाचणी अस्तित्वात आहे आणि ती बाहेर करून घेता येते, हे मुंबईच्या बायकांना पुरेसे सांगितले नव्हते, असा निष्कर्ष अमेरिकी नियामकांनीही काढला. पैसा तिकडचा होता म्हणून त्यांना विचारता आले. इथून तशी विचारपूस फारशी झाली नाही.

२०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर चाचणी आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयातल्या जेमतेम १.९ टक्के बायकांची कधी तरी तपासणी झालेली आढळली. त्याच सुमारास, २०२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला दिली. नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो, त्यामुळे टेबलावर झोपण्याचा संकोच टळतो. उस्मानाबादेत २००९ मध्येच सरस ठरलेली ही चाचणी आपल्या उपकेंद्रांपर्यंत न पोहोचण्याचे मुख्य कारण किंमत.