म्यान (पूर्वमध्ययुगीन युरोप)

इ.स. ५व्या ते ११व्या शतकांत उत्तर व पश्चिम युरोपात दुधारी तलवारीसाठी जे म्यान वापरत, ते मुळात लाकडाचे काम होते. दोन पातळ फळ्या आतल्या अंगाने पात्याच्या मापाने कोरून एकमेकींवर बसवायच्या, आत लोकरीचे अस्तर आणि वरून चामड्याची खोळ, अशी त्याची घडण. फ्रँक, अँग्लो-सॅक्सन, व्हायकिंग यांची नक्षी वेगळी, धातुकाम वेगळे. ही घडण मात्र साधारण तीच राहिली.

लाकूड हलके आणि कोरायला सोपे हवे. अवशेषांत विलो, पॉपलर, ॲश, बीच, ओक अशी लाकडे ओळखली गेली आहेत. ओकच्या लाकडात टॅनिन भरपूर असते आणि ओलाव्यात ते लोखंडाला खाते, म्हणून अस्तराला महत्त्व. अस्तरासाठी बहुधा मेंढीचे लोकरीसकट कातडे घेत आणि लोकरीची बाजू पात्याकडे ठेवत. दाट लोकर पात्याला धरून ठेवते, त्यामुळे चालताना तलवार आत खुळखुळत नाही. लोकरीतला नैसर्गिक तेलकटपणा गंज रोखण्यास मदत करत असावा. काही म्यानांत लोकरीऐवजी कापड आढळते.

बाहेरचे चामडे झाडाच्या सालीत कमावलेले असे. ते ओले असतानाच लाकडावर ताणून मागच्या बाजूने शिवत. वाळताना आकसले की लाकडाला घट्ट बसे. काही ठिकाणी चामड्याखाली उंचवटे करून वर उठावदार रेघा काढलेल्या दिसतात. कधी चामड्याखाली तागाचे कापड असे, कधी तोंडाजवळ विणलेली फीत गुंडाळत. तोंडाशी आणि टोकाशी धातूची जोडणी करत. आपल्याकडच्या म्यानांवर मोहनाळ आणि तैनाळ असते, तशीच ही.

लाकूड, लोकर आणि चामडे जमिनीत टिकत नाहीत, तरी हे सारे कळते ते गंजामुळे. पाते गंजू लागले की लोहक्षार लगतच्या लाकडात आणि केसांत मुरतात. मूळ पदार्थ कुजून जातो आणि त्याचा आकार गंजात जसाच्या तसा उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पात्यावर लाकडाचे तंतू व लोकरीचे केस दिसतात, आणि तेवढ्यावरून झाडाची जात ठरवता येते. ज्या गंजापासून पाते वाचवायला म्यान केले, त्यानेच म्यानाची ओळख राखून ठेवावी, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. शहरांतल्या पाणथळ थरांत उलटे घडते: यॉर्कच्या कॉपरगेट उत्खननात म्यानांची चामडी आवरणे मिळाली, आतले लाकूड मात्र नव्हते.

राजे-सरदारांच्या म्यानांवर सोने, चांदी आणि तामड्याचे लाल खडे येत. १९३९ साली इंग्लंडमधील सटन हू येथील नौकादफनात सापडलेले पाते म्यानाच्या अवशेषांत गंजून चिकटले आहे. म्यानावरच्या दोन सोन्याच्या बटणांत तामडे बारकाईने बसवले आहेत. ५व्या-६व्या शतकांतल्या युरोपीय दागिन्यांतले अनेक तामडे भारत आणि श्रीलंकेतून गेले होते, असे रासायनिक तपासणीतून दिसले आहे. डॅन्यूबकाठच्या गुटेनश्टाइन येथील ७व्या शतकातल्या म्यानाच्या चांदीच्या पत्र्यावर लांडग्याचे तोंड असलेला योद्धा ठशाने उठवला आहे. व्हिएन्नात ठेवलेल्या, पवित्र रोमन साम्राज्याच्या राजखड्गाचे ११व्या शतकातले म्यान ऑलिव्हच्या लाकडाचे असून त्यावरच्या सोन्याच्या पत्र्यांवर शार्लमेनपासून तिसऱ्या हेन्रीपर्यंतचे १४ राजे आहेत.

आइल ऑफ मॅनवरील बॅलाटिअर येथील व्हायकिंग दफनात असे सोने नव्हते. तिथे तलवारीचे तीन तुकडे केलेले होते, आणि ते पुन्हा तिच्याच म्यानात घालून मृतासोबत ठेवलेले होते.