हवेच्या रिंगवर बसवल्याने जखम टळत नाही
आजी-आजोबा दिवसभर खुर्चीत असतील तर मधे भोक असलेली रबरी रिंग आणायची, म्हणजे सतत बसून, दाब पडून होणारी जखम (बेडसोर) होत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खरं उलट आहे. सगळा भार रिंगच्या कडेवर येतो, तिथला रक्तपुरवठा आवळला जातो आणि मधली त्वचा सुजते. त्यापेक्षा चांगल्या फोमची किंवा जेलची सलग गादी घ्या. नुसत्या गादीवरही विसंबू नका. जमत असेल तर त्यांनी दर १५ ते ३० मिनिटांनी अंग हलवावं, नाहीतर आपण तासाभराने उठवावं. माकडहाडाजवळची कातडी रोज बघा. सावळ्या रंगावर लाली दिसतेच असं नाही, म्हणून हाताने ऊब आणि कडकपणा तपासा. दाबूनही न जाणाऱ्या लालीवर तेल, स्पिरिट चोळू नका. त्या जागेवर भार अजिबात नको, आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.